मदत हवी आहे: जुन्या पीसी गेमचा खोका भेट द्यायचाय, विंडोज ११ वर चालेल का?

नमस्कार मंडळी,

सांगलीत मारुती चौकाजवळचं एक कॉम्प्युटरचं दुकान बंद होतंय आणि मालक उरलेले पीसी गेम स्वस्तात काढतायत. धाकट्या भावाला वाढदिवसाला त्यातला एक द्यावा असं मनात आहे. तो सगळे गेम डाउनलोड करूनच खेळत आलाय, हातात धरता येईल असा एकही त्याच्याकडे नाही. मला नुसती डिस्क नकोय. आतली पुस्तिका, नकाशा, जे काही मूळ खोक्यात होतं ते सगळं हवंय. त्याच्या खोलीत भिंतभर नकाशेच आहेत.

तीन खोके बाजूला ठेवायला सांगितलेत: नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड (२००५ चा), स्पोअर आणि द विचर ३. पहिल्याचं सील फुटलंय, बाकीचे दोन सीलबंद आहेत. मालक म्हणतात, "ओरिजिनल हाय की ताई, का न्हाई चालणार?" माणूस भला आहे, पण लॅपटॉप विंडोज ११ चा म्हटल्यावर तेही गप्प झाले.

लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, बाहेरून जोडायचा घेईन. पण तेवढ्याने काम होईल का? सील फुटलेल्या खोक्यातला, गेम चालू करायला लागणारा कोड वाया गेलेला असतो का? आणि आतले कागद पूर्ण आहेत हे कसं ताडायचं? 'क्रॅक टाक' (म्हणजे गेमचं संरक्षण तोडणारी फाइल वापर) हा सल्ला कृपया नको. भेट म्हणून द्यायचंय, ते सरळ चालायला हवं.

प्रतिसाद १

ताई, मोस्ट वॉन्टेड खेळण्यासाठी घेऊ नका. अडचण ड्राइव्हची नाही. त्या डिस्कवर सेफडिस्क नावाचं कॉपी संरक्षण आहे. डिस्कवर मुद्दाम काही सेक्टर (माहिती साठवायचे छोटे भाग) खराब ठेवलेले असतात, साध्या रायटरवर काढलेल्या कॉपीत ते जसेच्या तसे उतरत नाहीत. ते तपासायला गेम एसईसीडीआरव्ही नावाचा ड्रायव्हर (एक छोटा सहायक प्रोग्राम) वापरतो आणि तो थेट विंडोजच्या गाभ्यात बसतो. त्यात सुरक्षेची भोकं निघाली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० मध्ये तो ड्रायव्हर घेतलाच नाही (पुढे ११ मध्येही नाही) आणि त्याच वर्षी अपडेट देऊन विंडोज ७ व ८ मध्येही बंद केला. म्हणजे पैसे मोजून घेतलेली अस्सल डिस्क ड्राइव्हमध्ये फिरेल, गेम इन्स्टॉलही होईल, पण सुरू होणार नाही. प्रामाणिक गिऱ्हाइकावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

कोडचं म्हणाल तर या गेमचा कोड इन्स्टॉल करतानाच तपासला जातो, त्यामुळे आधी कुणी वापरला असला तरी एकट्याने खेळायला अडत नाही. फक्त तो छापलेला कागद खोक्यात हवा. बहुतेक वेळा पुस्तिकेच्या मागच्या पानावर असतो. २०१९ च्या महापुरात भिजलेला माल असेल तर पुस्तिका आधी उघडून बघा. तो आकडा वाचता आला नाही तर डिस्क असून नसल्यासारखी.

स्पोअर नकोच. २००८ साली तो सेक्युरॉम नावाच्या दुसऱ्या कॉपी संरक्षणासकट आला तेव्हा एका कोडवर तीनच अ‍ॅक्टिव्हेशन (कंपनीच्या सर्व्हरकडून गेम चालू करायची परवानगी) मिळायची. लोक इतके भडकले की नंतर मर्यादा पाचवर नेली. भेटवस्तू सर्व्हरच्या मर्जीवर का सोडायची?

प्रतिसाद २

मी मिरजेचा. विचर ३ डोळे झाकून घ्या. २०१५ च्या पीसी खोक्यात चार डीव्हीडी, संगीताची वेगळी सीडी, नकाशा, स्टिकर आणि त्या दुनियेची ओळख करून देणारी पुस्तिका येते. साध्या आवृत्तीत एवढं देणारे फार थोडे, बाकीच्यांनी तोवर एका पानाच्या चिठ्ठीवर आणून ठेवलं होतं. डिस्कवर संरक्षण नाही. कोड जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावरच्या खात्यात टाकला की इन्स्टॉलर उतरवून घेऊन पेन ड्राइव्हवर कायमचा ठेवता येतो, ड्राइव्ह घ्यायचीही गरज नाही. मात्र कोड एकाच खात्याला लागतो, म्हणून याचं सील महत्त्वाचं. काही ठिकाणी जुन्या खोक्यावर पुन्हा प्लास्टिक चढवतात, तेव्हा कडेची शिवण नीट बघा. आणि भाऊ अठरा पूर्ण आहे ना? गेम मोठ्यांसाठीचा आहे.

कागदाचं मोल मला फार वाटतं. शाळेच्या लॅबमध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया खेळलेल्यांना आठवेल, पहिली लेव्हल संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्या समोर यायच्या. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधून तीच बाटली प्यायची. पुस्तिका हेच कुलूप होतं. त्या काळी कागद जपला की गेम जपला जायचा, आणि आपल्याकडे तर कुणी ती पुस्तिका पाहिलीही नव्हती.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वयाची अडचण नाही. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्डही आहे. स्पोअर परत ठेवायला सांगते, विचर ३ उद्याच आणते.

मोस्ट वॉन्टेड मात्र सोडवत नाहीये. विश्रामबागच्या सायबर कॅफेत आम्ही दोघं तोच खेळायचो. पुस्तिका आणि कोड शाबूत असतील तर तोही घेईन आणि जुन्या पीसीवर चालवीन. सांगली, मिरज किंवा कुपवाडात कुणाला विंडोज एक्सपीचा, डीव्हीडी ड्राइव्ह चालू असलेला जुना पीसी विकायचा असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. मॉनिटर नसला तरी चालेल.