युरोपातल्या युरोपात बिऱ्हाड हलवताना : तुमचे अनुभव लिहा

आठ वर्षं जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला काढून गेल्या ऑगस्टात आम्ही नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला आलो. अंतर पुणे-नाशिकपेक्षाही कमी. सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही, पाट्यांवरची भाषा तेवढी बदलते. त्यामुळेच गाफील राहिलो.

"पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) आहे ना, मग युरोपभर मोकळं रान," असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं आणि मीही चार जणांना सांगून बसले होते. जर्मनीत पीआर दोन प्रकारचा असतो. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) आणि बी-वन पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत मिळते ती 'निडरलासुंग्सएरलाउब्निस'. ती जर्मनीपुरतीच. दुसरा 'डाउअरआउफएंटहाल्ट-ईयू', युरोपीय संघाच्या (ईयूच्या) २००३ च्या निर्देशातला, ५ वर्षांच्या वास्तव्यानंतरचा. व्हिसा न काढता दुसऱ्या देशात जाऊन तिथे अर्ज करायची मुभा या दुसऱ्यालाच. माझ्या पाकिटात अर्थात पहिला! सुदैवाने दोन्ही एकत्र ठेवता येतात, म्हणून दुसऱ्यासाठी अर्ज केला. टर्मिन, म्हणजे कचेरीतली भेटीची वेळ, मिळायलाच चार महिने गेले. नवी कंपनी तोवर थांबली म्हणून निभावलं.

इथे पोचल्यावर ३ महिन्यांच्या आत अर्ज करायचा होता, तो केला. पहिल्या वर्षासाठी कंपनीला माझा वेगळा कामाचा परवानाही काढावा लागला.

मोठा फटका पगाराला बसला. परदेशातून आणलेल्या लोकांना नेदरलँड्समध्ये करात '३० टक्क्यांची' सवलत असते. अट अशी की आधीच्या २४ महिन्यांपैकी १६ हून जास्त महिने तुम्ही डच सीमेपासून १५० किलोमीटरच्या पलीकडे राहिलेले हवेत. ड्युसेलडॉर्फ कुठलं बसायला त्यात! आम्ही मात्र हातात येणारा पगार ती सवलत धरून मोजला होता. म्युनिकहून आलेल्या सहकाऱ्याला ती मिळाली. त्याच्यासोबत जेवताना अजून जरा घास अडकतो.

आणि घर. जर्मनीत भाड्याच्या घरात ओटा आपला आपण बसवायचा, हे अंगवळणी पडलं होतं. इथल्या घरात जमीनसुद्धा नव्हती, नुसतं सिमेंट. पहिले दहा दिवस कुकर आणि देव्हारा एकाच खोक्यावर होते.

तुमचं कसं झालं? फसलेलं आधी लिहा, त्याचाच उपयोग जास्त.

माल्मोहून
ताई, आमच्या खिडकीतून कोपनहेगनला जाणारा पूल दिसतो. तिथली ऑफर आली तेव्हा मला वाटलं, स्वीडनचं ईयूवालं कार्ड आहे, झालं काम. डेन्मार्क या निर्देशात नाहीच. आयर्लंडही नाही. शेवटी कालच पुण्याहून विमानातून उतरल्यासारखा सगळा डॅनिश परवाना पहिल्यापासून काढला. पूल ओलांडायला गाडीने दहा मिनिटं लागतात, कागद ओलांडायला पाच महिने लागले.

व्हिएन्नाहून म्युनिकला
ऑस्ट्रियाच्या ईयूवाल्या कार्डावर जर्मनीत परवाना मिळतो तो तिथल्या निवास कायद्याच्या कलम ३८अ खाली. पहिले १२ महिने नोकरीवर अट असते, ती कागदावर छापलेलीच असते. माझी कंपनी आठव्या महिन्यात माणसं कमी करायला लागली. ते चार महिने मी रोज सकाळी सगळ्यात आधी ऑफिसात जाऊन बसत होतो. वाचलो. पण नोकरी डळमळीत असेल तर या उड्या मारू नका, भावांनो.

लीजहून (बेल्जियम)
कार्ड जाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. साताऱ्याला सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मी ११ महिने तिकडेच होते. सलग १२ महिने ईयूच्या बाहेर राहिलं तर हा दर्जा जातो. लक्झेंबर्गमधल्या ईयूच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये निकाल दिलाय की त्या वर्षभरात थोडेच दिवस ईयूमध्ये येऊन गेलं तरी चालतं. मला तो माहीत नव्हता. धावतपळत परत आले, आणि पंधरा दिवसांनी सासूबाई गेल्या. शिवाय ज्या देशाने कार्ड दिलं तिथून ६ वर्षं बाहेर राहिलं तरीही ते जातं, हे दुसऱ्या देशात रमलेल्यांनी ध्यानात ठेवा.

स्टुटगार्टहून, न हललेला
मी ब्रसेल्सची नोकरी नाकारली. जून २०२४ पासून जर्मन नागरिकत्व ५ वर्षांत मागता येतं, माझी साडेचार झाली होती. देश बदलला की तो मीटर शून्यावर. बायको म्हणते भित्रा आहेस. असेन. पण भारताचा पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यायचं की नाही यावर आमचं अजून एकमत नाही, म्हणजे थांबलो तरी कशासाठी, हा तिचा प्रश्न आहे आणि उत्तर माझ्याकडे नाही.

धागाकर्ती
@लीज, वाचून कसंसंच झालं हो.
@म्युनिक, आमच्याही परवान्याचे सात महिने उरलेत. लेक मात्र पुढे गेलाय. नवख्या मुलांच्या वर्गात डच शिकतोय, आणि काल शेजारच्या पोराशी भांडताना अर्धं जर्मन, अर्धं डच झाल्यावर शेवटी "जा, उडत जा" म्हणाला. ते त्या पोराला बरोबर कळलं.