मदत हवी आहे: आवडते सिनेमे अचानक खोटे वाटायला लागलेत

पिटातला_प्रेक्षक

मंडळी, घाईत लिहितोय. शनिवारी घरी मित्र जमणार आहेत, रात्री सिनेमा बघायचा बेत आहे, आणि तो ठरवायचं काम माझ्या गळ्यात आहे. म्हणून सध्या जेवणं झाली की एकेक सिनेमा बघून ठेवतोय. एकही मनाला भिडत नाहीये.

'किल्ला' बघितला. पाऊस आहे, समुद्र आहे, अमृता सुभाष आहे. पोरं सायकली हाणत किल्ल्यावर जातात आणि तो चिन्या तिथे एकटाच राहतो, तिथे माझ्या पोटात गोळा यायला हवा होता. मी विचार करत बसलो, एवढं पाणी सोडायला टँकर कुठे लावला असेल.

'द डिसायपल'. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून गाणं शिकणारा शरद मोटरसायकलवर संथ तरंगत जातो आणि वर त्याच्या गुरुजींच्या गुरू माईंचा आवाज, हे दृश्य सगळे डोक्यावर घेतात. मला टायरची जाहिरात वाटली. त्यात बोलणं पुटपुटल्यासारखं ऐकू येतं, आवाज वाढवावा तर पुढच्या मैफलीला शेजारी भिंत ठोकतात.

'कोर्ट'. वकील, न्यायाधीश, साक्षीदार सगळे दुपारच्या मालिकेच्या सेटवर आणून बसवल्यासारखे. आणि शेवटचं ते रिसॉर्ट कशासाठी?

सगळ्यात वाईट वाटलं 'फँड्री'चं. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्या तोंडावर येतो. आला. मी सोफ्यावर शांत. पापणीही हलली नाही.

असं कुणाचं झालंय का? उपाय सांगा. "आवडीनिवडी बदलतात" हे मलाही माहीत आहे, ते कृपया नको.

खारी_बिस्कीट

कशावर बघताय? फोन, लॅपटॉप, टीव्ही?

पिटातला_प्रेक्षक

टीव्हीवर. पण त्याचा इथे काय संबंध? मी सिनेमांबद्दल विचारतोय.

तिसरी_घंटा

टायरची जाहिरात!! सकाळी सकाळी हे वाचायला लागलं.

अहो, त्या दृश्यात घडायचं आहे ते सगळं आवाजात घडतं. माईंना आवाज दिलाय सुमित्रा भावे यांनी. चेहरा कुठेच दिसत नाही. शरदच्या डोक्यात ती बाई किती खोल जाऊन बसली आहे हे त्या आवाजातून कळतं, रस्ता फक्त निमित्त. शरद झालेला आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय गाणारा माणूस, गुरुजी झालेत ते अरुण द्रविडही गायक. म्हणून तर तिथे गाणं 'वाजवलेलं' वाटत नाही. व्हेनिसला २०२० साली पटकथेचं पारितोषिक उगाच नाही मिळालं.

माझा उपाय: दिवे घालवा, डोळे मिटा, पहिली दहा मिनिटं नुसतं ऐका. मग डोळे उघडा.

निम्मा_कप

डोळे मिटून सिनेमा बघायचा. बरं.

पिटातले, खरं सांगू का, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. आमच्याकडे तेवढ्याने काम झालं. आपण सगळे हल्ली दीड मिनिटाच्या वर काही बघू शकत नाही, आणि तुम्ही 'कोर्ट' बघताय!

पिटातला_प्रेक्षक

फोन चार्जिंगला आतल्या खोलीत असतो. कंटाळा येतोय असं मी कुठेच म्हटलेलं नाही. खोटं वाटतंय. नट नटासारखे दिसतात, खोली सेटसारखी दिसते. कृपया नीट वाचा.

गच्चीतली_मांजर

शनिवारसाठी 'सिंहासन' लावा. १९७९चा, जब्बार पटेल. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस बघून कुणी उठून गेलं तर पैसे परत. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आहे. मित्रांना राजकारणात रस असेल तर पहाटेपर्यंत बैठक चालेल.

पिटातला_प्रेक्षक

धन्यवाद, पण सिनेमा सुचवा असं विचारलेलं नाही.

डबल_बॅरल

'सिंहासन'ला +१. 'सामना' पण घ्या यादीत. लागू आणि निळूभाऊ समोरासमोर.

ओल्ड_मंक_नको

मूळ मुद्दा कुणीच धरत नाहीये. सिनेमा ही थिएटरात बघायची गोष्ट आहे, घरी बघाल तर खोटाच वाटणार. मी पुण्यात प्रभात टॉकीजला वाढलो. तिथे पडदा वर जायच्या आधीच अर्धी मजा यायची. ते पण गेलं आता.

गच्चीतली_मांजर

गेलं कुठे? भाडेकरार संपला म्हणून मूळ मालकांकडे परत गेलं आणि जुन्या नावाने सुरू झालं, किबे लक्ष्मी. इमारत तीच.

ओल्ड_मंक_नको

इमारत तीच हो. प्रभात ते प्रभात.

खारी_बिस्कीट

पिटातले, मी पुन्हा विचारतो, चिडू नका. यातले कोणते सिनेमे तुम्ही आधी पाहिले होते आणि कशावर?

पिटातला_प्रेक्षक

'फँड्री' २०१४ला थिएटरात. त्या शेवटच्या दगडाला माझ्या शेजारचे काका अक्षरशः मागे सरकले होते आणि नंतर बराच वेळ कुणी जागचं हललं नव्हतं. 'कोर्ट'ही थिएटरातच पाहिला, तेव्हा कोर्टाचीच खोली वाटली होती. 'डिसायपल' आला तेव्हा लॅपटॉपवर, हेडफोन लावून. फार आवडला होता. 'किल्ला' पहिल्यांदाच बघितला.

निम्मा_कप

हे आधी सांगायचं ना राव! आम्ही इथे तुमच्या एकाग्रतेवर प्रवचन देतोय.

खारी_बिस्कीट

म्हणजे लॅपटॉपवर आवडलेला सिनेमा टीव्हीवर जाहिरात वाटतो. टीव्ही नवीन आहे का?

पिटातला_प्रेक्षक

गणपतीत घेतला. ५५ इंची. चित्र तर जुन्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. का?

खारी_बिस्कीट

वाटलंच.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या वेगाने दाखवला जातो. बोलपट आले तेव्हा, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, हा वेग पक्का झाला, कारण फितीवरच आवाज असल्यावर वेग कमीजास्त करून चालत नाही. नव्या टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. मग टीव्ही शहाणपणा करतो. दोन चित्रांच्या मधे काय असेल याचा अंदाज बांधून स्वतःच नवी चित्रं तयार करतो आणि मधे घुसवतो. हालचाल लोण्यासारखी गुळगुळीत होते. क्रिकेटला बरं दिसतं. सिनेमाला मात्र दुपारच्या मालिकेची कळा येते, कारण मालिका, बातम्या, सामने हे सगळं आपण वर्षानुवर्षं व्हिडिओच्या जास्त वेगात बघत आलोय. डोळ्याला ती गुळगुळीत हालचाल दिसली की डोकं ठरवून टाकतं, हे स्टुडिओत चाललंय. तुम्हाला टँकर दिसला तो यामुळे.

दुकानातून येतानाच हे चालू असतं. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं: मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस, पिक्चर क्लॅरिटी. सेटिंग, मग पिक्चर, मग त्यात कुठेतरी खोल. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' दिसला तर तोच लावून मोकळे व्हा. यावर टॉम क्रूझनेही २०१८ला एक व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले होते.

डबल_बॅरल

हे 'किल्ला'ला लागू होईल. 'कोर्ट'ला कसं? दिग्दर्शक ताम्हाणेचा कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो, हलतच नाही. टीव्ही मधली चित्रं बनवणार कशाची? भिंतीची?

खारी_बिस्कीट

कॅमेरा हलत नसला तरी माणसं हलतात. फाइल उलटणारा हात, मागच्या बाकावरून उठून जाणारा माणूस. स्थिर चौकटीत नजर अशाच गोष्टींवर जाते. सगळ्यात जास्त बोंब होते ती कॅमेरा आडवा फिरताना, हे मान्य. 'फँड्री'त डुकरामागे धावण्याची दृश्यं आठवा.

षटकार_१९८३

मला उलट गुळगुळीतच आवडतं. २४चं एवढं काय पवित्र आहे? ती सवय आहे, बाकी काही नाही. उद्या सगळे ४८ने काढायला लागले तर तुमची नातवंडं म्हणतील जुने सिनेमे अडखळतात.

तिसरी_घंटा

'हॉबिट' ४८ने काढला होता की २०१२ला. लोकांनी हीच तक्रार केली, सेट दिसतात, मेकअप दिसतो.

षटकार_१९८३

पहिल्यांदा असंच होतं. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग ठरलेला नव्हताच. नंतर ते २४च्या यंत्रावर चालवले म्हणून जुन्या चित्रफितींत माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. तेव्हा कुठे कुणी देव पाण्यात घातले होते?

खारी_बिस्कीट

४८ने काढला तर ४८ने बघा, माझं काही म्हणणं नाही. तो निर्णय काढणाऱ्याचा. इथे अर्ध्याहून जास्त चित्रं टीव्हीने मनाने रचलेली आहेत. 'किल्ला'त अविनाश अरुण स्वतः दिग्दर्शक आणि स्वतःच छायालेखक. त्या माणसाने पावसाची प्रत्येक चौकट निवडली आणि मधली दिवाणखान्यातल्या यंत्राने भरली. हे चालेल तुम्हाला?

षटकार_१९८३

पाऊस पडताना दिसल्याशी मतलब.

पिटातला_प्रेक्षक

सापडलं, बंद केलं. काहीही फरक नाही. तोच पाऊस, तोच टँकर. आता?

खारी_बिस्कीट

सिनेमा चालू असताना मेनू उघडला होता का? बहुतेक सेट टॉप बॉक्स चालू असताना बंद केलं असेल. पुष्कळ टीव्हींत प्रत्येक जोडणीचं आणि प्रत्येक पिक्चर मोडचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवलं जातं. ॲपमध्ये सिनेमा लावा, तो चालू ठेवूनच मेनूत जा आणि तिथे बंद करा.

आवाजाचंही सांगून टाकतो. ५.१च्या, म्हणजे सहा स्पीकरांसाठीच्या ट्रॅकमध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. तुमच्या टीव्हीला तो स्पीकरच नाही, म्हणून बोलणं दबतं आणि संगीत अंगावर येतं. ॲपमध्ये आवाजाच्या पर्यायांत साधा स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो निवडा.

निम्मा_कप

साउंडबार घ्या हो सरळ. मी दिवाळीच्या सेलमध्ये घेतला, सबवूफरसकट. खालच्या मजल्यावरचे बोलत नाहीत आता, पण काय आवाज आहे!

पिटातला_प्रेक्षक

झालं. ॲपमध्ये तेच बटण वेगळं होतं आणि चालू होतं.

आधी 'फँड्री'चा शेवटच लावला. डुक्कर काठीला बांधून जब्याच्या घरची माणसं शाळेच्या भिंतीपुढून जातात, मागे भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा. परवा त्या भिंतीवरचा रंग दिसला होता, आज ती माणसं दिसली. दगडाबद्दल लिहीत नाही. बायको स्वयंपाकघरातून विचारत आली, काय झालं म्हणून.

'किल्ला' पुन्हा पहिल्यापासून बघतोय. चिन्या किल्ल्यावर पोचायचाय. स्टिरिओने शरदचं बोलणंही ऐकू यायला लागलं. मोटरसायकलबद्दल तिसरी_घंटा यांचं बरोबर आहे, पण मला ते दृश्य डोळे उघडे ठेवून आवडलं.

रिसॉर्ट मात्र आजही खटकलं. आरोपी नारायण कांबळेचं काय होणार ते लटकलेलं आहे, कोर्ट सुट्टीसाठी बंद झालं, एकेक दिवा गेला, पडदा काळा. तिथे संपायला हवं होतं. पुढे न्यायाधीश सहलीला जातो, ते मला शिक्षकाने फळ्यावर उत्तर लिहून दिल्यासारखं वाटतं.

तिसरी_घंटा

अजिबात नाही! अंधारावर संपवला असता तर प्रेक्षक 'व्यवस्था फार वाईट बुवा' असं म्हणून घरी गेला असता. ताम्हाणे तुम्हाला व्यवस्थेचा बर्म्युडा घातलेला माणूस दाखवतो. तो भला आहे, गप्पिष्ट आहे, आणि मुलाला बोलायला अडचण आहे म्हणून काळजीत असलेल्या बापाला डॉक्टर सोडून अंगठी सुचवतो. सोमवारी हाच माणूस बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून एका बाईची तारीख पुढे ढकलणार. हे कळायला रिसॉर्टच लागतं.

डबल_बॅरल

ते ड्रेसच्या दृश्यातच कळलं होतं. पुन्हा सांगायची गरज नव्हती. पिटातल्यांशी सहमत.

गच्चीतली_मांजर

आणि बाकावर डुलकी लागलेली असताना पोरं ओरडून पळतात आणि तो त्यातल्या एकाच्या कानाखाली वाजवतो, ते? जे सापडलं त्याला शिक्षा. मग पुन्हा झोप. ते काढून टाकायचं?

डबल_बॅरल

तेवढं ठेवा. अंगठी काढा.

तिसरी_घंटा

नशीब तुम्ही संकलक नाही.

पिटातला_प्रेक्षक

शनिवारी 'कोर्ट'च लावतो. रिसॉर्टवर मत मोजतो आणि इथे कळवतो.

आमरस_बारमाही

आत्ताच धागा वाचला. मीपण फिल्ममेकर मोड लावला, तर सगळं चित्र पिवळट झालं. सासूबाई म्हणतात टीव्ही बिघडवला. परत पहिल्यासारखं कसं करू?

खारी_बिस्कीट

पिवळट नाही, आधीचं निळसर होतं. दुकानात उठून दिसावं म्हणून निळं ठेवतात. दोन-चार दिवस बघा, डोळ्यांना सवय होते. सासूबाईंच्या मालिकेसाठी जुना मोड ठेवा, सिनेमाला हा. टीव्हीचं मॉडेल काय आहे?

आमरस_बारमाही

काळा आहे, भिंतीवर लावलेला.