स्वतःला इजा करून घेण्यावर आरटीएमएसचा उपयोग होतो का? अनुभव हवे आहेत

नमस्कार. आम्ही साताऱ्याला राहतो. माझी मुलगी २२ वर्षांची असून मनावरचा ताण असह्य झाला की ती स्वतःला इजा करून घेते. दोन वर्षांपूर्वी ऐन वैशाखात ती पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालू लागली, तेव्हा मला पहिली शंका आली. नैराश्यावरची औषधे आणि समुपदेशन चालू आहे. झोप सुधारली, जेवण सुधारले, पण हे थांबलेले नाही.

आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आता पुण्यात आरटीएमएस करून घेण्याचे सुचवले आहे. यात भूल देत नाहीत. डोक्याला टेकवलेल्या कॉइलमधून चुंबकीय स्पंद सोडून, बहुधा डाव्या कपाळामागचा, मेंदूचा भाग उद्दीपित करतात आणि हे आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालते. हे 'शॉक' नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना मी पुन्हापुन्हा समजावून सांगत आहे.

माझी खरी अडचण वेगळी आहे. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) या उपचाराला २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१८ मध्ये ओसीडीसाठी (मंत्रचळासाठी) मान्यता दिली; स्वतःला इजा करणे थांबवण्यासाठी अशी स्वतंत्र मान्यता नाही. तरीही एका क्लिनिकच्या पत्रकात 'सवय कायमची सुटेल' असे छापलेले पाहिले आणि मन धास्तावले. आमचे डॉक्टर एवढेच म्हणाले, की नैराश्य उतरले तर ऊर्मी आवरणे तिला सोपे जाऊ शकेल. मला हे बोलणे अधिक प्रामाणिक वाटते.

ज्यांच्या घरी हा उपचार झाला आहे, त्यांनी कृपया सांगावे: नैराश्याबरोबर ती ऊर्मीही ओसरली, की त्यासाठी डीबीटीसारखी (तीव्र भावना हाताळायला शिकवणारी) थेरपी वेगळी घ्यावी लागली? लहानपणी तापात तिला एकदा आकडी आली होती. या उपचारात क्वचित आकडी येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना ते सांगितले आहे. अशा वेळी तुमच्याकडे आधी कोणत्या तपासण्या केल्या? शिवाय रोजचे जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर तिला झेपणार नाहीत. महिना-दीड महिना पुण्यात खोली घ्यावी, की थीटा बर्स्ट या सुमारे तीन मिनिटांच्या सत्रांच्या पद्धतीने एका दिवसात अनेक सत्रे करून दिवस कमी होतील का, हे विचारावे?

धोक्याच्या वस्तू मी दूर ठेवल्या आहेत आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आम्हा दोघींच्या फोनमध्ये आहे. हे सारे तिच्या संमतीनेच लिहीत आहे आणि उत्तरे ती स्वतः वाचणार आहे, म्हणून इजेच्या प्रकारांचे वर्णन कृपया कोणी करू नये. तिचाही एक प्रश्न आहे: कानात बोळे घातल्यावरही यंत्राची टकटक किती मोठी वाटते?