मदत हवी आहे: रात्रभर टिकेल असं कापडी डायपर कोणतं?

लेक 8 महिन्यांची आहे आणि शू म्हणजे अक्षरशः नळ सोडल्यासारखी! दिवसा कापडी डायपरवर निभावतं. रात्री मात्र दोनच्या सुमारास दुपट्यासकट सगळं ओलं, मांडीपाशी इलॅस्टिकच्या कडेने ओघळ. सध्या आत मायक्रोफायबरचे दोन पॅड घालते. ते चटकन शोषतात, पण ती कुशीवर वळली की दाबाने पिळल्यासारखे गळतात. बांबू किंवा हेम्पचं (भांगेच्या झाडाच्या धाग्याचं) कापड जास्त धरून ठेवतं, पण वाळायला वेळ घेतं. वर मायक्रोफायबर, खाली हेम्प असं कुणी वापरलंय का? नवीन हेम्प किती धुण्यांनंतर नीट शोषायला लागलं? फार जाड केलं की पाय फाकतात बिचारीचे. शोषणं कमी होतं म्हणून फॅब्रिक सॉफ्टनर केव्हाच बंद केलंय, तेवढं सोडून सांगा.