सतरा वर्षांच्या पोराने कोयता मारला, पुढे नक्की काय होतं?

चाळीतली_वैनी

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात माझ्या पुतण्यावर कोयत्याने वार झाले, रात्री साडेनऊला, वडापावच्या गाडीसमोर, दहाबारा माणसं उभी होती तिथेच. कारण काय, तर कुणाच्या तरी इन्स्टाच्या स्टोरीवर हसायची इमोजी टाकली म्हणून. डोक्यावर येणारा वार त्याने हाताने अडवला म्हणून वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि तिसरं वाकत नाही. मारणारा आमच्याच चाळीतला, सतरा वर्षांचा, मी लहानपणी मांडीवर खेळवलाय हो त्याला, गणपतीत ताशा वाजवायचा. पोलिसांनी उचलला, दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे बोर्डापुढे नेला, पेपरात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असं छापून आलं. सासूबाई विचारतात, हा कुठला संघर्षग्रस्त, संघर्ष तर आपला चाललाय.

आता ऐकतोय की जामीन होणार आणि झालीच शिक्षा तर जास्तीत जास्त तीन वर्षं. दीर म्हणतात निर्भयाच्या केसनंतर कायदा बदलला ना, सोळाच्या वरच्या पोरांवर मोठ्यांसारखी केस चालते, मग ह्याच्यावर का नाही? तपास करणाऱ्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, ताई ते बोर्ड ठरवतं, आणि फोन ठेवला. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. आणि खरं सांगू का, काय झालं म्हणजे माझं समाधान होईल हेच मला कळत नाहीये.

काळा_कोट

वैनी, बोर्डाची कामं बारा वर्षं करतोय म्हणून स्पष्ट सांगतो, कडू लागेल. तुमच्या दिरांचं अर्धं बरोबर आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, त्यात गुन्ह्यांचे तीन गट आहेत, किरकोळ, गंभीर आणि हीनस म्हणजे अमानुष. मोठ्यांसारखी केस चालवायचा विषय फक्त हीनसमध्ये येतो, आणि तेही पोरगा घटनेच्या दिवशी सोळा पूर्ण असेल तरच. पंधरा वर्षांच्या पोराने खून केला तरी तीन वर्षांवर जाता येत नाही.

आता हीनस कशाला म्हणायचं, तर ज्या कलमात कमीत कमी शिक्षा सात वर्षं किंवा त्याहून जास्त लिहिलीय. खून, जुन्या दंड संहितेचं ३०२ आताच्या न्याय संहितेचं १०३, त्यात कमीत कमी जन्मठेप, म्हणजे हीनस. बलात्कार पण हीनस. पण खुनाचा प्रयत्न, जुनं ३०७ आताचं १०९, त्यात दहा वर्षांपर्यंत आणि जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत, पण 'कमीत कमी' अमुक असं काही लिहिलेलंच नाही. २०२० च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने शिल्पा मित्तल केसमध्ये सांगून टाकलं की किमान सात नसेल तर तो हीनस धरायचा नाही, वरची मर्यादा कितीही असू दे, आणि २०२१ च्या दुरुस्तीत ते कायद्यातच घातलं. म्हणजे पोरगा तोच, कोयता तोच, वार तोच. तुमच्या पुतण्याने हात आडवा घातला नसता तर ह्याला मोठ्यांसारखं चालवायचं का यावर बोर्डात चर्चा झाली असती. घातला म्हणून होणार नाही. मला स्वतःला ही रेघ कधीच पटलेली नाही, पण रेघ आहे ती आहे.

पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने गाडीने दोघांना उडवलं त्या पोर्शे केसमध्ये पण हाच घोळ होता, लोक अजून जामिनाच्या अटीतल्या त्या ३०० शब्दांच्या निबंधावर अडकलेत, पण तिथे मुख्य कलम जुनं ३०४, सदोष मनुष्यवध, त्याला किमान शिक्षा नाही, आणि १५ जुलै २०२५ ला बोर्डाने मुलाला सज्ञान धरून खटला चालवायचा पोलिसांचा अर्ज फेटाळला.

जामिनाचं म्हणाल तर मुलांना जामीन द्यायचा हाच नियम, मग गुन्हा अजामीनपात्र का असेना. नाकारायचा तर बोर्डाला कारण लिहावं लागतं, म्हणजे तो सुटून परत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्याच जिवाला धोका आहे, किंवा सोडणं न्यायाच्या विरोधात जाईल. तेव्हा सरकारी वकिलांना गाठा आणि पोरगा कुणाबरोबर फिरतो ते त्यांच्या कानावर घाला, हे रेकॉर्डवर आलं तरच उपयोग. आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही ती विचारतो, कोयता त्याच्या हातात आला कुठून? कुणा भाईने दिला असेल, पाठवला असेल, तर त्या भाईवर न्याय संहितेचं ९५ लागतं, कमीत कमी तीन वर्षं, आणि बाल न्याय कायद्याचं ८३ आहेच. पोलिस तिथपर्यंत जात नाहीत कारण पोरगा नाव घेत नाही.

सरळसोट

म्हणजे पुतण्या मेला असता तर न्याय मिळाला असता. वा रे कायदा.

निर्भयाच्या, १६ डिसेंबर २०१२ च्या केसमधला तो अल्पवयीन, अठराला सहा महिने कमी होते, ३१ ऑगस्ट २०१३ ला तीन वर्षांची शिक्षा, आत काढलेले दिवस त्यातच धरले, २० डिसेंबर २०१५ ला बाहेर. त्याच बसमधले चौघे २० मार्च २०२० ला फासावर गेले. सहा महिन्यांत माणसाच्या डोक्यात असा काय बदल होतो ते मला कुणीतरी समजावून सांगा. गुन्हा करताना मोठा आणि शिक्षेच्या वेळी बाळ. इथे कोयता गँगमधली पोरंच एकमेकांना सांगतात, 'तू कर, तू मायनर आहेस, तुला काय होत नाय'.

माजी_काळजीवाहक

सरळसोट भाऊ, ते वाक्य मी पण ऐकलंय, पोरांच्याच तोंडून. मी नऊ वर्षं एका निरीक्षणगृहात काळजीवाहक होतो, लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात, गाव सांगत नाही. जी पोरं दिवसा 'आपल्याला काय होत नाय' म्हणायची तीच पहिल्या रात्री दिवा बंद करू देत नसत. एक होता, सोळा पूर्ण होऊन चार महिने, मित्राला भोसकलं होतं, मेला तो. हा पोरगा दर रविवारी भेटीच्या दिवशी आंघोळ करून केसाला तेल लावून दाराजवळ बसायचा आणि आई यायची नाही. तेल मात्र दर रविवारी लावायचा.

त्याचं प्राथमिक मूल्यांकन झालं तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. खून असेल आणि पोरगा सोळाच्या वर असेल तर बोर्डाला तीन गोष्टी बघायच्या असतात, त्याची शरीराची आणि मनाची कुवत, परिणाम कळायची समज, आणि कोणत्या परिस्थितीत केलं. ऐकायला भारी वाटतं. तिथे आत गेला आणि वीस मिनिटांत बाहेर आला. मी विचारलं काय विचारलं रे, तर म्हणे, चाकू मारला की काय होतं असं विचारलं, मी म्हटलं माणूस मरतो. झालं, परिणाम कळतात! अहो पाच वर्षांच्या पोराला पण कळतं चाकू मारला की मरतो. पण समोर चार पोरं 'मार मार' ओरडत असताना हात कसा थांबवायचा हे त्याला कळत होतं का, हे कोण विचारणार? गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या केसमध्ये २०२२ साली सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं की हे नाजूक काम आहे, बोर्डावर बालमानसशास्त्र शिकलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. नाहीतर एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक किती ओळखणार.

बोर्डाने वर पाठवलं तरी बाल न्यायालय परत बघतं की खरंच मोठ्यांसारखं चालवायचं का. चालवलं, शिक्षा लागली, तरी एकवीसपर्यंत सुरक्षित गृहात, जेलमध्ये नाही. एकविसाव्या वर्षी सुधारणा बघून सोडायचं की उरलेली शिक्षा भोगायला जेलमध्ये पाठवायचं ते ठरतं. फाशी नाही, आणि सुटायची आशाच नाही अशी जन्मठेपही नाही.

तीन वर्षं म्हणजे सहल नसते भाऊ, पण तीन वर्षांत आम्ही त्यांना काय देत होतो हे विचाराल तर मला मान खाली घालावी लागेल. दोन कॅरम होते, एकाची स्ट्रायकर हरवलेली. शिवणाच्या मशीन होत्या, शिकवणाऱ्या बाई दीड वर्ष नव्हत्या.

झेडपीचे_गुरुजी

मंडळी, पोराची जन्मतारीख कुणी बघितली का? मी एकतीस वर्षं झेडपीच्या शाळेत काढली, वर्गातली निम्मी पोरं १ जूनची. आईबाप म्हणायचे 'पोळ्याच्या आधी झाला' नाहीतर 'मोठा पूर आला तेव्हा', आम्ही सहा पूर्ण होतील असा हिशोब करून १ जून टाकायचो, पोरगं शाळेत बसलं म्हणजे झालं. तेव्हा कुठे माहीत होतं की ह्याच ओळीवर कुणाचा जन्म ठरेल आणि कुणाची शिक्षा. कायद्यात कलम ९४ ला पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या सर्टिफिकेटला आहे, ते नसेल तर नगरपालिका, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

पुण्यातल्यांना पौड रोडचं १९९४ चं राठी हत्याकांड आठवत असेल, एकाच घरात सात जण मारले, त्यात दोन लहान मुलं आणि एक गरोदर बाई. त्यातल्या एका आरोपीची फाशी सुप्रीम कोर्टाने २००० साली कायम केली. आणि २७ मार्च २०२३ ला त्याच सुप्रीम कोर्टाने राजस्थानातल्या एका शाळेच्या रजिस्टरवरून मान्य केलं की घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. साडेबारा! त्या वयाला जास्तीत जास्त तीन वर्षं, हा माणूस २८ वर्षांहून जास्त आत राहून बाहेर आला. वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर काढता येतो, अगदी निकाल लागून गेल्यावरही. मी ती बातमी वाचली आणि दोन दिवस माझ्या जुन्या हजेरीपटांचाच विचार करत होतो.

सरळसोट

आणि त्या सात जणांचं काय गुरुजी? त्यांच्या नातेवाइकांना कुणी रजिस्टर दाखवलं?

झेडपीचे_गुरुजी

काही उत्तर नाही हो माझ्याकडे.

न्यूजर्सीचा_बाळू

इकडचं सांगतो, कारण गावाकडे सगळ्यांना वाटतं अमेरिकेत पोरांना कडक वागवतात आणि म्हणून सगळं आलबेल आहे. कडक आहेच. २००५ पर्यंत अठराच्या आत केलेल्या गुन्ह्याला इथे फाशी होऊ शकत होती, इथल्या सुप्रीम कोर्टाच्या रोपर केसमध्ये ती बंद झाली. पॅरोलशिवायची सक्तीची जन्मठेप २०१२ च्या मिलर केसने बंद केली, पण नीट वाचा, 'सक्तीची' बंद केली, जजने विचार करून दिली तर अजून चालते. आणि इतकं कडक असून बंदुका घेऊन फिरणारी पोरं काही कमी दिसत नाहीत मला. एवढंच.

सरळसोट

तिकडचं तिकडे ठेवा साहेब, इथे आधी कोयता रस्त्यावरून उचला.

चाळीतली_वैनी

सगळ्यांचे आभार. काळा कोट साहेबांचं ते 'हात आडवा घातला नसता तर' वाचून मी मोबाईल ठेवून दिला होता, आज परत उघडला. दिरांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पुतण्या मात्र म्हणाला, मग काय हात खाली ठेवायला हवा होता का मी? असं म्हणून हसला, आणि मला ते हसू बघवेना.

गुरुजी, तुमचं १ जून वाचलं आणि अंगावर काटा आला. त्याच्या दाखल्यावर १ जूनच आहे. पण तो झाला त्या वर्षीच्या दिवाळीत, मला पक्कं आठवतंय, फराळ सोडून मी त्याच्या आईसाठी डिंकाचे लाडू वळत बसले होते. म्हणजे खरा तो साडेसोळाचाच. आपल्या केसमध्ये त्याने फरक पडत नाही हे कळलं, पण कुणाला सांगू की नको असं झालं होतं, तर इथेच सांगून टाकलं. त्याची आई सकाळी नळावर येते, माझी बादली भरेपर्यंत लांब उभी राहते. आधी आमची दोघींची बादली एकाच वेळी लागायची.

कोयता कुणी दिला ते चाळीत सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना. जबाब द्यायला कुणी तयार नाही, त्याची गाडी रोज संध्याकाळी इथूनच जाते. दीर म्हणतात मी देतो, जाऊ म्हणते अजून एक पोरगा आहे आपल्याला.

आणि आतापर्यंत दवाखान्याचा खर्च दोन लाखांच्या वर गेलाय, त्याचं कुठून काही मिळतं का?

काळा_कोट

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पीडित भरपाईचा अर्ज करा, ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, अर्जाला वकील लागत नाही. जबाबाचं म्हणाल तर दिरांना एकट्याला पोलिस स्टेशनला पाठवू नका, आधी मला मेसेज करा, साक्षीदाराला संरक्षण मागायची पण सोय आहे, ते अर्जात कसं लिहायचं ते बघू. आणि तो डिंकाच्या लाडवांचा किस्सा आरोपीच्या वकिलाला विचारल्याशिवाय सांगायची गरज नाही, पण विचारलं तर खोटं बोलू नका.

चाळीतली_वैनी

बरं. अर्ज मराठीत चालतो ना?

काळा_कोट

चालतो. एफआयआरची कॉपी, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिलं जोडा, बिलांच्या झेरॉक्स आधी काढून ठेवा, ती शाई उडते.