मदत हवी आहे: काकांच्या डॉलर नाण्यांवर साल आणि टांकसाळीची खूण सापडत नाही

डबा_उघडला:
नमस्कार मंडळी. आमचे मोठे काका वीसेक वर्षं न्यू जर्सीत होते. स्टेशनवरच्या तिकीट यंत्रात वीसची नोट सारली की उरलेले पैसे डॉलरच्या नाण्यांत खळखळत खाली पडायचे. ती नाणी ते बिस्किटांच्या डब्यात टाकत. तो डबा आता सांगलीला माझ्याकडे आलाय, एकूण ४१ नाणी.

आपल्या नाण्यांचं मला कळतं. सालाखाली चौकटीसारखा ठिपका असला की मुंबई, चांदणी असली की हैदराबाद, गोल ठिपका नोएडा आणि काहीच नसलं तर कोलकाता. तेच इथे शोधायला गेले आणि अडकले. सोनेरी नाण्यांवर एका बाजूला राष्ट्राध्यक्ष, दुसरीकडे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, पण साल कुठेच नाही! एका व्हिडिओत ऐकलं, "बिनसालाचा डॉलर म्हणजे छपाईतली चूक, किंमत लाखांत." खरं का हे?

शिवाय पाठीला बाळ बांधलेल्या बाईची २००० सालची सहा नाणी आहेत, १९७९ चं एक पांढरं, आणि १७७६-१९७६ लिहिलेलं एक चांगलं थोरलं, त्यावर 'एस' आहे. ते चांदीचं असेल का? आई चिंच-मीठ घेऊन घासायला बसणार होती, कसंबसं थांबवलंय.

खणखणीत:
आईंना थांबवलंत हे सगळ्यात उत्तम केलंत. घासलेलं नाणं संग्राहक हातातही धरत नाही.

बाकी, छापा-काटा बघून झाला असेल तर आता नाणं आडवं धरा आणि कड वाचा. राष्ट्राध्यक्षांची मालिका २००७ ला सुरू झाली. तिचं साल, टांकसाळीची खूण आणि 'ई प्लुरिबस युनम' हे लॅटिन बोधवाक्य, सगळं कडेवर कोरलेलं असतं. पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. एस शक्यतो संग्राहकांच्या चकचकीत प्रूफ नाण्यांवरच दिसेल. काका न्यू जर्सीत होते म्हणजे तुमच्याकडे पी जास्त निघणार, फिलाडेल्फिया शेजारीच.

बाळवालीचं नाव साकागाविया, अमेरिकेतली मूळनिवासी स्त्री. २००८ पर्यंत तिच्या छाप्यावरच साल असतं, त्याच्या खाली खूण. २००९ पासून ही दोन्ही कडेवर गेली.

कडू_कारले:
लाख वगैरे विसरा. वापरलेल्या डॉलरची किंमत एक डॉलर. सोनेरी दिसतं म्हणून सोनं नव्हे, तांबं ८८.५ टक्के, बाकी जस्त, मँगनीज, निकेल. व्हिडिओवाल्यांना फक्त तुमचे व्ह्यू हवे असतात.

कडेवरची अक्षरं काहींवर सरळ, काहींवर उलटी दिसतील. त्यालाही 'दुर्मीळ' म्हणून विकणारे आहेत. नाणं पाडून झाल्यावर अक्षरं वेगळ्या यंत्रात उमटवतात, तिथे ते कुठल्या बाजूने घुसेल त्याला काही नेम नाही. पण त्याच यंत्रातून काही नाणी निसटली. २००७ च्या वॉशिंग्टनची बरीच नाणी कड कोरी राहून बाहेर पडली. त्याला संग्राहक खरंच जादा पैसे देतात, पण हजारांत नाही, दोन आकडी डॉलरांच्या घरात. कोरी कड सापडली तर वजन ८.१ ग्रॅम आणि व्यास २६.५ मिमी बघा. अक्षरं घालवायला कानस मारलेलं नाणं लगेच कमी भरतं.

एडिसनकर:
थोरलं नाणं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचं. १९७५ चं साल असलेला डॉलर नाहीच, कारण १९७५ आणि १९७६ दोन्ही वर्षं हेच दुहेरी सालाचं नाणं पाडलं. पाठीमागे घंटा आणि चंद्र आहे ना? 'एस' असलं म्हणून चांदीच असं मात्र नाही, एसची साधी प्रूफही आहेत. सराफाच्या काट्यावर ठेवा: साधं २२.७ ग्रॅम, ४० टक्के चांदीचं २४.६. कडेवर तपकिरी पट्टी ठळक दिसली तर आत तांबं आहे.

१९७९ वालं सुझन अँथनी, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या बाई. लोकांची त्याची आणि पाव डॉलरची इतकी गल्लत व्हायची की १९८१ नंतर बंदच पडलं, मग एकदम १९९९ ला पुन्हा काढलं. खूण चेहऱ्याच्या डावीकडे, खांद्याजवळ. पी असेल तर साल काठाला किती चिकटलंय बघा. अगदी जवळ असलं तर तो रुंद काठाचा प्रकार, त्याला थोडा भाव आहे.

खणखणीत:
आणि २००० ची सहा साकागाविया पी असतील तर पाठीमागच्या गरुडाची शेपटी भिंगातून बघा. न्याहारीच्या सीरिअलच्या खोक्यांतून ५,५०० नाणी वाटली होती, त्यातल्या काहींवर पिसांच्या रेघा जास्त ठळक आहेत. त्याला हजारो डॉलर मिळतात. तिकीट यंत्रातून ते पडण्याची आशा मात्र ठेवू नका.

डबा_उघडला:
सगळ्यांचे आभार! काल रात्री काकू आणि मी भिंग घेऊन बसलो. शेपट्या साध्याच. अँथनीचं साल काठापासून लांब. आयझेनहॉवर सराफाकडे २२.७ भरला, कडेवर तपकिरी पट्टीही आहे, म्हणजे चांदी नाही. काकूंचा चेहरा जरा पडला.

पण एका वॉशिंग्टनची कड खरंच कोरी निघाली, वजन ८.१. ते आणि आयझेनहॉवर मी ठेवतेय. इथल्या बँकेत नाणी बदलून देईनात, त्यामुळे उरलेली ३९ चुलतभावाच्या बॅगेत. तो पुढच्या महिन्यात न्यू जर्सीला परत चाललाय, तिथेच खर्चून टाकेल.