कॅसलटनला तिकीट काढून नक्की काय बघायचं?

डोंगरवेडा_मँचेस्टर:
समर आला की आपल्या मराठी ग्रुपवर दर वर्षी तेच, पीक डिस्ट्रिक्टला (इंग्लंडातला डोंगराळ भाग) एक दिवस जातोय, काय बघू? आणि उत्तरही तेच, तिथल्या कॅसलटन गावाला जा, पेव्हरिलचा किल्ला बघा, दोन गुहा करा, ब्लू जॉन दगडाचं लॉकेट घ्या आणि परत या. माझं स्पष्ट मत, हे सगळं सोडा. चौघं असाल तर तिकिटांतच शंभर पौंड सहज उडतात आणि त्या गावाभोवती जे खरं बघण्यासारखं आहे त्याला कोणी एक पेनी मागत नाही. मॅम टॉरचा डोंगर घ्या, ५१७ मीटर, सह्याद्रीत फिरलेल्याला उंचीचं काय कौतुक, पण माथ्याभोवती जो मातीचा बांध फिरतो ना तो लोहयुगातल्या गढीचा तट आहे, नॉर्मन लोक इंग्लंडात यायच्या हजारएक वर्षं आधीचा, आणि लोक त्याच्यावरच उभं राहून सेल्फी काढतात, पायाखाली काय आहे पत्ताच नाही. खाली जुना हायवे, ए ६२५. डोंगर शेल (चिखलापासून झालेला ठिसूळ खडक) आणि वालुकाश्माच्या एकाआड एक थरांचा, पाणी मुरलं की सरकतो, म्हणून त्याला थरथरता डोंगर म्हणतात. रस्ता दुरुस्त करून करून कंटाळले आणि १९७९ मध्ये बंदच केला. आज तिथे डांबराचे थर चिरून वर आलेत, मधली पांढरी रेघ अर्धवट कुठेतरी खाली गेलीय. असं दृश्य कुठलं तिकीट देणार?

शेफील्डकर_सई:
साफ असहमत. तुम्ही गाव वरून बघताय, पण कॅसलटनचा निम्मा इतिहास जमिनीखाली आहे. शिसं काढून काढून ही माणसं जगली. स्पीडवेल गुहेत ज्या पाण्याच्या बोगद्यातून बोटीने नेतात तो १७७०च्या दशकात शिशाच्या हावेपायी सुरुंग लावून खोदलाय, आणि एवढं करून शिसं मिळालं किती तर जवळपास नाहीच, धंदा बुडाला. डोक्यावर हेल्मेट, छत इतकं खाली की मान वाकवून बसायचं, तेव्हा कळतं त्या लोकांनी काय केलं असेल. पीक कॅव्हर्न या दुसऱ्या गुहेच्या तोंडाशी तर चारशेएक वर्षं दोरखंड वळणारी कुटुंबं राहत होती, गुहेच्या आत घरं बांधून! त्यांच्या चुलींची काजळी छताला अजून आहे. गाइड दोर वळून दाखवतो, पोरं खूश. हे तुम्हाला तुमच्या फुकटच्या डोंगरावरून दिसणार आहे का?

गडकरी_लीड्स:
गुहांचं माहीत नाही, पण पेव्हरिलला किल्ला म्हणणं म्हणजे फार झालं. राजगड, तोरणा पाहिलेल्या माणसाला नेऊन एक चौकोनी बुरूज दाखवायचा, त्यालाही छप्पर नाही, आणि म्हणायचं किल्ला! वीस मिनिटांत संपतो राव.

शेफील्डकर_सई:
@गडकरी_लीड्स प्रत्येक ठिकाणी राजगड कशाला आणायचा? हा किल्ला लढण्यापेक्षा राखण करायला होता, भोवतीचं राजाचं शिकारीचं रान आणि शिशाचा पैसा. विल्यम पेव्हरिल या नॉर्मन सरदाराने बांधला, १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, नोंद आहे. पुढे राजा दुसऱ्या हेन्रीने ताब्यात घेतला, तुम्ही म्हणताय तो बुरूज त्याचा, ११७६ च्या सुमाराचा. आणि वरून खाली बघा, गावाचे रस्ते आखीव आहेत, कारण किल्ल्याच्या आश्रयाने वसवलेलं गाव आहे ते. हे वीस मिनिटांत उरकलं असेल तर दोष किल्ल्याचा नाही.

डोंगरवेडा_मँचेस्टर:
किल्ला बघायचाच तर केव्ह डेलमधून बघा, गावातल्या घरांच्या फटीतून वाट आत शिरते आणि दोन्हीकडे चुनखडीचे कडे, वर मान केली की तोच बुरूज अंगावर आल्यासारखा. फुकट. फक्त पावसात दगड साबणासारखे होतात, स्पोर्ट्स शूज घालून जाऊ नका.

होपव्हॅलीवाली:
मी इथेच राहते, म्हणून जरा चिडूनच लिहितेय. तिकीट काढा नाहीतर नका काढू, पण गाडी घेऊन येऊ नका ना. सूर्योदयाचे फोटो काढायला येणारे मॅम टॉरच्या खाली रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लावतात, बस अडकते, ट्रॅक्टर अडकतो, उद्या ॲम्ब्युलन्स आली तर काय? मँचेस्टर-शेफील्ड ट्रेन आहे की. एडेलला उतरा, हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढा, कड्यावरून मॅम टॉर, तिथून तो मोडका रस्ता धरून कॅसलटन, चहा, स्कोन, आणि शेवटी होप स्टेशन, तीनेक किलोमीटर सपाट. हॉलिन्स क्रॉसचीही गंमत म्हणजे एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा तिथले लोक प्रेतं खांद्यावर घेऊन याच वाटेने कॅसलटनला पुरायला आणायचे. आणि दरीच्या मधोमध जी उंच चिमणी दिसते ती सिमेंट फॅक्टरीची, फॅक्टरी १९२९ पासूनची. देशातल्या पहिल्या नॅशनल पार्कात! तुम्ही सगळे ती फोटोतून कापता.

गडकरी_लीड्स:
त्यापेक्षा गाडीने वीसेक मिनिटांवर ईयम गाव आहे ते बघा. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून प्लेग आला, आणि गावाने स्वतःहून वेस बंद केली, शेजारच्या गावांना लागण नको म्हणून. पैसे व्हिनेगरमध्ये टाकून वेशीवर ठेवायचे आणि धान्य घ्यायचं. आपल्या पुण्यात १८९७ला सोल्जर घरात घुसवले, इथे लोकांनी स्वतः केलं. फरक बघा.

शेफील्डकर_सई:
इतकं सरळ नाहीये ते. ईयमचा पाद्री मॉम्पेसन, त्याने गाव बंद करायच्या आधी स्वतःची मुलं बाहेर पाठवली होती, ज्यांना परवडलं त्यातले काही आधीच निघून गेले. मागे उरले ते बहुतेक जायला जागा नसलेले. तिथल्या एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली, रायली ग्रेव्हजला त्यांच्या थडग्यांचे दगड आहेत. आणि प्लेगने गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या बाहेर लावलेल्या घरांत आजही लोक राहतात, खिडकीतून आत डोकावणारे आपलेच लोक मी पाहिलेत. पुण्याशी तुलना करायची तर सत्ता कोणाची आणि घर कोणाचं हेही बघा, लोकांच्या स्वभावावर ढकलू नका.

गडकरी_लीड्स:
मुलांचा मुद्दा मान्य. तरी पाद्र्याची बायको तिथेच राहिली आणि प्लेगने गेली, हेही सांगा की.

नवीन_नॉटिंगहॅम:
मंडळी, वाद छान चाललाय पण माझे आईबाबा नाशिकहून आलेत, आईचे गुडघे धरतात. त्यांना काय दाखवू ते सांगा ना.

डोंगरवेडा_मँचेस्टर:
मॅम टॉर नको मग, पायऱ्यांची वाट बांधलेली आहे तरी उतरताना त्रास होईल. विनॅट्सच्या खिंडीतून गाडीने वर जा (होपव्हॅलीवाली, माफी असावी, पण गुडघे आहेत), दोन्ही बाजूंचे कडे गाडीतून दिसतात, एके काळी समुद्राच्या तळाशी होतं हे सगळं. मग खाली येऊन ओढ्याकाठाने पीक कॅव्हर्नच्या तोंडापर्यंत रमतगमत चाला. गाडी मात्र गावातल्या कार पार्कातच लावा.

शेफील्डकर_सई:
आणि तिथवर गेलातच तर आत जा हो! स्पीडवेल मात्र आईंना नको, बोटीपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या उतरायच्या आणि परत चढायच्या. निघायच्या आधी कुठली गुहा चालू आहे तेही बघून घ्या.

नवीन_नॉटिंगहॅम:
आत्ताच दोघांना वाचून दाखवलं. आई म्हणते पायऱ्यांचं माझं मी बघते, बोटीत बसायचंच. बाबा म्हणतात मी वर बाकावर बसून वाट बघतो.